नव्या टीव्हीवर मुंग्या येत नाहीत

आत्ती, आज दुपारी गडमुडशिंगीच्या तुझ्या घरात आम्ही सगळे जमलो होतो. कुणी काय न्यायचं ते ठरवायला. आण्णा तुझ्या पलंगावर भिंतीला टेकून बसले होते आणि कुणी काही विचारलं की नुसती मान हलवत होते. धाकट्या बहिणीच्या घरातली भांडी वाटली जाताना बघायची वेळ आपल्यावर येईल असं त्यांना कधी वाटलं नसणार. शिलाई मशीन शेजारच्या अक्काताईंना दिलं. तू तसं बोलून ठेवलं होतंस म्हणे. मग मला विचारलं, तर मी म्हटलं, माळ्यावरचा डबा टीव्ही द्या.

"मने, भंगारवालाबी घेनार न्हाय त्यो," आण्णा म्हणाले. सकाळपासून त्यांचं हेच पहिलं वाक्य होतं. "नवा टीव्ही तूच घिऊन दिलतीस की आत्तीला. त्यो ने."

"तो नको," मी म्हटलं. जुना टीव्ही, टीव्ही गेम, त्याच्या कॅसेटी आणि वायरींची पिशवी, एवढंच हवंय. आण्णांनी माझ्याकडं बघितलं, पण कारण विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. ते कारण फक्त तुला सांगण्यासारखं आहे, आणि तुला सांगायला आता जरा उशीरच झालाय.

आण्णांची नोकरी गगनबावड्याला होती आणि मला शाळेसाठी तुझ्याकडं ठेवलं होतं, तेव्हाची गोष्ट. तुझे मालक, आमचे मामा, गेल्यावर तू माहेरी परत न येता मुडशिंगीतच राहिलीस, ब्लाउज शिवून घर चालवत होतीस. त्यात तू एक दिवस महाद्वार रोडवरून टीव्ही गेम घेऊन आलीस. 'पोरीला करमत न्हाय' असं सगळ्यांना सांगितलंस. पोरीला करमत होतं की नाही कोण जाणे, पण पोरगी शाळेतून आली की मशीनवर अर्धा शिवलेला ब्लाउज लोंबकळत असायचा आणि आत्ती चटईवर मांडी घालून टीव्हीसमोर. जीभ दातात धरलेली, सुईत दोरा ओवताना धरायचीस तशी. पडद्यावरचा माणूस उडी मारायचा तेव्हा तूही बसल्या जागी थोडी वर व्हायचीस. त्याला काही नाव असेल, तू त्याला 'गडी'च म्हणायचीस.

"वाईच दम खा मने, गडी खड्ड्यात पडंल."

दारात गिऱ्हाईक आलं तरी तेच. "बसा पावणं, एवढा खड्डा वलांडतो आन आलो." गिऱ्हाईक बसायचं आणि थोड्या वेळानं तेही मान वाकडी करून गड्याकडं बघत राहायचं. गडी मेला की रिमोट दुसऱ्याच्या हातात द्यायचा, हा आपला नियम. तुझा गडी लवकर मरायचा नाही, हीच माझी तक्रार असायची. तुझ्या बोटांत काय होतं देव जाणे. ब्लाउजला हूक लावताना तू माझ्याशी बोलत, दारातल्या कुत्र्याला हाकलत, खाली न बघता लावायचीस. तीच बोटं ती.

आणि मुंग्या. आपल्या घरात मुंग्या म्हटलं की टीव्हीतल्याच, खऱ्या मुंग्यांना आपण 'चिमट्या' म्हणायचो, गोंधळ नको म्हणून. हे मी पुण्यात एका मैत्रिणीला सांगितलं तेव्हा ती खूप हसली होती. गेमची बारीक वायर अँटेनाच्या भोकात खुपसायची, टीव्ही लावायचा, की अख्खा पडदा मुंग्यांनी भरून जायचा, खरखर आवाजासकट. मग तू ते खालचं छोटं चाक दोन बोटांत धरून फिरवायचीस, दोऱ्याचा ताण बघावा तसं. आधी मुंग्या दाट, मग विरळ, मग त्यांच्यामागून निळं आभाळ दिसायला लागायचं आणि एकदम गडी उभा.

"गेल्या वारुळात," असं तू म्हणायचीस. दर वेळी.

मी तळहात काचेला लावायची. अंगावरचे केस उभे राहायचे आणि हाताला बारीक काहीतरी टोचायचं. "चावत्यात का?" तू विचारायचीस. "व्हय." "मग काढ की हात." मी काढायची नाही.

मग मी पुण्याला गेले. शिक्षण, नोकरी, सगळं तिथंच. इथल्या बायकांसारखी मीही 'मी जातो, मी आलो' म्हणायची, आणि पहिल्याच आठवड्यात हॉस्टेलवर सगळ्या त्याला एवढ्या हसल्या की महिन्याभरात मी 'जाते, आले' वर आले. दिवाळीला आले तर तू दारातच पकडलंस. "आले? कोन आले? माझी मनी आलो म्हनती." मी हसून वेळ मारून नेली, पण ते माझ्या तोंडात परत बसलं नाही. बदली होऊन कोल्हापूरला आले, कळंब्यात फ्लॅट घेतला, दर रविवारी तुझ्याकडं यायला लागले, तरी बोलणं पुण्याचंच राहिलं. तू चिडवायचीस आणि मी तसंच बोलायची.

तुझा डबा टीव्ही मधेच बंद पडायला लागला म्हणून मी नवा घेऊन दिला. भिंतीवर लावून झाला, लावायला आलेला माणूस गेला, मी तुला मालिका कुठं लागतात, बातम्या कुठं लागतात ते सगळं दाखवलं. तू शांतपणे ऐकून घेतलंस आणि विचारलंस, "ह्याला गेम लागतोय का?"

माझ्या डोक्यातही नव्हतं. तू ट्रंकेतून गेम काढलास. अस्तराच्या कापडात गुंडाळून, वर दोरा बांधून ठेवलेला. इतक्या वर्षांनी बटण दाबलं तर त्यावरचा लाल दिवा लागला. आपण दोघी कशा ओरडलो होतो! अक्काताई धावत आल्या, काय झालं म्हणून.

पण नव्या टीव्हीला तो काही लागेना. जुनी वायर अँटेनाच्या भोकात घातली, पुन्हा पुन्हा शोधायला लावलं, पडदा आपला निळाच्या निळा. तू माझ्या खांद्यावरून बघत होतीस.

"मुंग्या कुठं गेल्या?"

"नव्या टीव्हीवर मुंग्या येत नाहीत, आत्ती. चित्र तरी येतं, नाहीतर निळा पडदा. मधलं काही नाही."

"आसं कसं? मुंग्या दिसल्या की कळतंय तरी, जवळ आलोय म्हनून."

तुला त्याचं फार वाईट वाटलं होतं. मला मात्र त्या दिवसापासून नादच लागला. ऑफिसमधून आले की मोबाइलवर तेच बघत बसायचे. जुने गेम नव्या टीव्हीला जोडणारी माणसं जगभर आहेत आणि ती आपल्याहून खुळी आहेत, हे तेव्हा कळलं. आपल्या गेमच्या बाजूला एक पिवळं आणि एक पांढरं भोक होतं. लहानपणी आपण त्यात फक्त धूळ साठवली होती. त्या पिवळ्यातून चित्र जास्त चांगलं निघतं, आणि नव्या टीव्हीला ते समजेल असं करून द्यायला एक छोटी डबी मिळते, एवढं शोधून काढलं. डबी मागवली, रविवारी जोडली, आणि गडी आला. पण काळापांढरा.

"रंग कुठं सांडलास?" तू विचारलंस.

डबीच्या बुडाला एक बारीक खटका होता, तो सरकवला. रंग आले. मग दिसलं की गडी आडवा पसरलाय, टीव्ही रुंद म्हणून चित्रही ताणलेलं. मी सेटिंगमध्ये जाऊन ते चौकोनी केलं, दोन्ही बाजूला काळ्या पट्ट्या आल्या, गडी पुन्हा सडपातळ झाला. मला वाटलं तू खूश होशील. तर तू कंबरेवर हात ठेवून उभी.

"एवढा मोठा टीव्ही घेतलाय आन दोन्ही अंगाला काळं कापड लावालीस?"

"आत्ती, मूळ चित्र तसंच आहे. ताणलं की गडी जाडा दिसतो."

"दिसू दे की. खाऊनपिऊन सुखी हाय म्हनायचं."

हे भांडण आपलं शेवटपर्यंत मिटलं नाही. मी रविवारी चौकोनी करून जायचे आणि पुढच्या रविवारी गडी जाडा होऊन बसलेला असायचा. रिमोटमधलं बाकी काही तुला येत नव्हतं, पण तेवढं बटण मात्र बरोबर शोधून काढलं होतंस.

दुसरं भांडण चित्राच्या स्वच्छपणावरनं. त्या पहिल्या डबीचं चित्र पुसट यायचं, म्हणून मी त्याहून चांगली घेतली. आता प्रत्येक ठिपका काचेसारखा स्वच्छ दिसायला लागला. मी इतकी खूश! तू चष्मा लावून जवळ गेलीस, आणि म्हणालीस, "गड्याला नाकडोळं हुतं की पयलं. आता नुसती चौकडी दिसालीया." मी म्हटलं, आधीपासून चौकडीच होती, जुना टीव्ही पुसट म्हणून कळत नव्हती. त्यावर तू मशीनवरचा ब्लाउज उचलून माझ्यापुढं उलटा धरलास.

"ह्ये बघ. आसंबी खरंच हाय. पन उलटी बाजू गिऱ्हाइकाला दावतंय का कोन?"

मी पुन्हा मोबाइल घेऊन बसले. आठवडाभर शोधून कळलं की त्याच डबीत एक सोय असते, चित्रावर बारीक आडव्या काळ्या रेघा सोडायची, जुन्या टीव्हीसारख्या. ती चालू केली. चौकडी मऊ झाली, गड्याला पुन्हा नाकडोळे आले. तू बराच वेळ बघत राहिलीस. "आता बरं हाय. मलमल टाकल्यागत." आयुष्यात मी कुठल्या परीक्षेत पास झाल्यावर एवढी खूश झाले नव्हते.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे उशीर. ती नीट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. एका रविवारी तू म्हणालीस, "गडी उशिरा उडालाय." मला पटेना. तू म्हणालीस, बटण दाबते आणि मग तो विचार करून उडतो. मी खेळून बघितलं तर खरंच जरासा फरक होता. नवे टीव्ही चित्र दाखवायच्या आधी ते घासूनपुसून घेतात, त्यात वेळ जातो. माझ्या हे लक्षात आलं नव्हतं, तुझ्या बोटांना कळलं. मग 'गेम मोड' सापडला, तो लावला आणि तुझा गडी पहिल्याच उडीत खड्डा ओलांडून गेला.

"बग! माझा हात न्हाई चुकत," असं म्हणालीस. मी कानाला हात लावला. त्या दिवसापासून मी मनात पक्कं करून टाकलं की आत्तीनं तक्रार केली तर दोष टीव्हीत असणार. तुझ्या हातात काही दोष असेल ही शंका त्यानंतर मला कधी आलीच नाही. तुझ्या हातांवरचा माझा विश्वासच आडवा आला, आत्ती.

गेल्या उन्हाळ्यानंतर तू परत म्हणायला लागलीस, गडी उशिरा उडालाय. मी गेम मोड बघितला, चालू होता. वायर बदलली. डबी काढून परत लावली. स्वतः खेळून बघितलं, उशीर काही नव्हता. "आत्ती, तुझा सराव सुटलाय," असं मी चेष्टेनं म्हटलं. एरवी त्यावर तू मला उभी सोलली असतीस. तू "आसंल" म्हणालीस आणि चहा ठेवायला गेलीस. त्याच सुमाराला हूक लावायचं काम तू अक्काताईंकडं द्यायला लागली होतीस. विचारलं तर म्हणालीस, डोळं गेलं आता. तुझं वय झालंय, असं मी मनाशी म्हटलं आणि तिथंच सोडून दिलं.

मग तो फोन. शनिवार होता, मी ऑफिसमध्ये, समोर एक माणूस विम्याचे कागद पसरून बसलेला. तुझा फोन आला की मी घ्यायचेच, कितीही काम असो, म्हणून घेतला.

"मने, गेम लावून बसलोय. मुंग्या याल्यात गं. सकाळधरनं."

मी खुर्चीवर मागं टेकले, समोरच्या माणसाकडं बघून हसलेही असेन. "आत्ती, तुला सांगितलंय ना? नव्या टीव्हीवर मुंग्या येत नाहीत."

"तसं न्हवं गं..."

"वायर ढिली झाली असेल. हात लावू नकोस. उद्या येतेच आहे, बघते."

तू गप्प झालीस. फोनवर गप्प बसणं तुला माहीत नव्हतं, तुझा आवाज तर फोनशिवायच कळंब्यापर्यंत ऐकू येईल असा. थोड्या वेळानं म्हणालीस, "बरं. जेवलीस न्हवं?" मी जेवले होते. तू फोन ठेवलास.

दुसऱ्या दिवशी मी नवी वायर घेऊन आले. टीव्ही लावला, चित्र आरशासारखं. मी तुला चिडवलं, "कुठं आहेत तुझ्या मुंग्या?" तू पलंगावर बसली होतीस. डावा हात पदराखाली होता आणि उजव्या हातानं तू तो चोळत होतीस. हे मी तेव्हा बघितलं. नक्की बघितलं, कारण आता डोळ्यांसमोर जसंच्या तसं आहे. पण तेव्हा ते नुसतं दिसलं, डोक्यात काही शिरलं नाही.

"गेल्या असतील वारुळात," तू म्हणालीस आणि हसलीस. मीही हसले. मग मी चित्र चौकोनी केलं आणि तू नावं ठेवलीस, नेहमीसारखी.

ती तुझी-माझी शेवटची रविवारची दुपार. मंगळवारी अक्काताईंचा फोन आला, तू मशीनवरून खाली पडली होतीस आणि एक बाजू हलत नव्हती. दवाखान्यात पोचले तेव्हा आण्णा आधीच आले होते. तरुण डॉक्टर होते, हातात कागद, एकामागून एक विचारत होते. बीपी? साखर? गोळ्या कुठल्या? मी पटापटा सांगत होते, मला तुझं सगळं पाठ होतं. मग त्यांनी वर न बघता विचारलं, "आधी कधी मुंग्या येत होत्या का?"

आणि मी म्हणाले, "टीव्हीला?"

डॉक्टरांनी वर बघितलं. "हाताला. हातापायाला मुंग्या, बधिरपणा, वस्तू हातातून सुटणं, असं काही?"

आत्ती, मला त्या क्षणी कुणी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. आण्णा माझ्याकडं बघत होते, कारण दर रविवारी तुझ्याजवळ मीच असायची. मी म्हणाले, लक्षात नाही. डॉक्टरांनी लिहून घेतलं. नंतर मी त्यांना एकटीच भेटले, आधी कळलं असतं तर काय झालं असतं असं विचारलं. ते म्हणाले, तुम्ही लवकर आला असतात तर बघता आलं असतं, पण काय झालं असतं ते सांगता येत नाही. चांगला माणूस होता. त्यांनी मला सोडवायचा प्रयत्न केला, मीच सुटले नाही.

त्यानंतर तू जितके दिवस होतीस तितके दिवस तुला बोलता येत नव्हतं. डोळे मात्र चालू होते. मी उशाशी बसायची, हात हातात घ्यायची, आणि रोज ठरवायची की आज विचारायचं. कुठल्या मुंग्या होत्या गं? पण आण्णा असायचे, नर्स असायची, आणि खरं सांगायचं तर तुझ्या डोळ्यांत उत्तर दिसेल याची मला भीती वाटत होती. म्हणून मी तुला काहीबाही सांगत बसले. गडी अजून जाडाच आहे, बटण मी दाबलेलं नाही, असलं. तुझ्या तोंडाची चांगली बाजू जराशी हलली. ते हसू होतं असं मी धरून चाललेय.

तू गेल्यावर मी मनाशी खूप वकिली केली. म्हटलं, आत्तीच्या घरात मुंग्या म्हणजे टीव्हीतल्याच, माझी काय चूक? 'गेम लावून बसलोय' असं तूच म्हणालीस. पण एक गोष्ट काही केल्या आडवी येते. नव्या टीव्हीवर मुंग्या येत नाहीत, हे मी तुला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तुला ते नीट कळलं होतं, तू त्याचं वाईटही वाटून घेतलं होतंस. म्हणजे फोन केलास तेव्हा तू टीव्हीबद्दल बोलत नव्हतीस हे आपल्या दोघींपैकी एकीला माहीत होतं. दुसरी हुशारी दाखवत होती.

तुझ्यावर रागही येतो. येणारच. एक शब्द जास्त बोलली असतीस तर काय बिघडलं असतं? 'हाताला.' एवढाच. एसटीच्या कंडक्टरशी सुट्ट्या पैशावरनं भांडून अख्खी गाडी थांबवणारी तू. ब्लाउजचा गळा चुकला म्हणणाऱ्या बाईला मापाची टेप दाखवून गप्प करणारी तू. आणि माझ्यासमोर 'तसं न्हवं गं' म्हणून थांबलीस? मी ऑफिसात आहे, पोरीला कशाला त्रास, असं वाटलं असेल. नाहीतर मी इतक्या ठसक्यात सांगितलं की तुलाच वाटलं असेल, असंल बाबा, येत नसतील. मला पहिलं खरं वाटावं असं वाटतं. दुसरं फार जड आहे.

तरी तुला एक सांगायचंय. त्या वायरींच्या निमित्तानं मला तुझे जेवढे रविवार मिळाले तेवढे एरवी मिळाले नसते. मोठी झालेली भाची, म्हातारी आत्ती, चहा, पोहे, 'बरं आहे ना' आणि परत, एवढंच झालं असतं. मला चित्र स्वच्छ करायचं खूळ लागलं आणि तुला ते खूळ बघत बसायचं. तू माझ्या चुकीच्या डब्या, तुटक्या वायरी, काळेपांढरे गडी, सगळं सहन केलंस. मी तुला टीव्ही दिला असं लोक म्हणतात, पण मजा कुणाची झाली ते आपल्या दोघींना माहीत आहे.

संध्याकाळी टेम्पोतून डबा टीव्ही कळंब्याला आणला. चालकानं विचारलं, "ताई, चालतो का हा?" मी म्हटलं, बघू. टेबलावर ठेवला, ओल्या फडक्यानं काच पुसली, तुझ्या ब्लाउजांचे दोरे अजून त्याच्या जाळीत अडकलेले होते, ते तसेच ठेवले. गेमची जुनी बारीक वायर अँटेनाच्या भोकात खुपसली. चालू केला. जरा वेळ काही नाही, मग आतून घुं असा आवाज आला, काच हळूहळू उजळली आणि अख्खा पडदा मुंग्यांनी भरून गेला.

खालचं चाक मी फिरवलं नाही. चित्र नको होतं. तळहात काचेवर ठेवला. हातावरचे केस उभे राहिले आणि बारीक काहीतरी टोचायला लागलं, अगदी तेव्हासारखं. चावत्यात, आत्ती. अजून चावत्यात.

तशीच उभी राहिले आणि तो फोन मी परत घेतला. समोरचा माणूस कागद पसरून बसलाय, बसू दे त्याला. तू म्हणालीस, मने, गेम लावून बसलोय, मुंग्या याल्यात गं, सकाळधरनं.

कुठं गं आत्ती? कुठल्या हाताला? गेम ठेव खाली, मरू दे गड्याला. दार उघडं ठेव, अक्काताईला हाक मार. मी निघालो. ह्यो बघ, आलोच मी.